थेंब टोकाला पोचला का ते बघ

पोरी, फिटरची अप्रेंटिस म्हणून तू कारखान्यात उभी राहणार, म्हणून चार गोष्टी तुझ्या कानावर घालून ठेवतो. पुस्तकातलं तुला आयटीआयमध्ये शिकवलंच असेल. माझं सांगणं तेलाचं आहे. आपल्या घरात तीन पिढ्यांचे हात तेलात गेले. तुझे खापरपणजोबा परळच्या एका गिरणीत इंजिनखात्यात तेलवाले होते, पणजोबा रेल्वेत फायरमन, आणि मी परळच्या लोको कारखान्यात फिटर. जीआयपी रेल्वेने १८७९ साली काढलेला हा कारखाना. तिथे वाफेचं इंजिन पार सुटं व्हायचं, एकेक भाग धुऊन, घासून, मापून पुन्हा बसायचा.

तू म्हणशील, आजोबा, आता वाफेची इंजिनं कुठे राहिली? खरंय. ब्रॉडगेजवरची रोजच्या फेऱ्यांची शेवटची वाफेची गाडी १९९५ च्या डिसेंबरात धावली आणि तो धंदा मिटला. पण आपोआप तेल घालायची युक्ती त्या इंजिनांसाठी निघाली. तुझ्या खात्यातल्या नव्याकोऱ्या मशीनच्या बाजूला ऑटो ल्यूबचा पांढरा डबा दिसेल, तो त्याच घराण्यातला. माझे सगळे कानमंत्र एकाच खुंटीला टांगलेले आहेत, ती खुंटी आधी सांगतो: आपोआप चालणारं यंत्र तेल पाठवतं. ते पोचलं की नाही, हे माणसानेच बघायचं असतं.

१. हाताने तेल का घालता येत नाही, हे आधी विचार

बेअरिंगला तेल घालणं सोपं. भोक दिसतं, झारीचं नाक लावलं की झालं. पण वाफेच्या इंजिनात खरी घासाघीस सिलेंडरच्या आत. पिस्टन आणि व्हॉल्व पुढे-मागे पळतात, आणि आत वाफ कोंडलेली. आपल्याकडच्या डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी इंजिनांच्या बॉयलरचा दाब चौरस इंचाला २१० पौंड. त्या दाबासमोर तू तेल ओतणार कसं? ते तुझ्याच तोंडावर उडेल.

म्हणून अगदी सुरुवातीच्या काळात फायरमन पुढे जाऊन सिलेंडरवरच्या वाटीत चरबी घालायचा. ड्रायव्हरने वाफ बंद केली की मगच ती आत उतरायची. कधी गाडी थांबलेली असे, कधी चालती. यावर इंग्लंडात जॉन रॅम्सबॉटम नावाच्या रेल्वे इंजिनिअरने १८६० साली तोडगा काढला आणि वाफेलाच तेल ढकलायला लावलं. १८७२ मध्ये अमेरिकेत इलायजा मॅकॉयने आपल्या तेलयंत्राचं पेटंट घेतलं. मॅकॉयचे आईबाप केंटकीच्या गुलामीतून पळून कॅनडात गेलेले. पोरगा स्कॉटलंडात इंजिनिअरिंग शिकून आला, पण काळ्या माणसाला इंजिनिअरची जागा द्यायची कोणाची तयारी नव्हती. मिशिगन सेंट्रल रेल्वेत त्याला फायरमनचं आणि तेल घालायचं काम मिळालं. ज्याच्या हातात रोज झारी, त्यालाच कळलं की तेलासाठी इंजिन उभं करण्यात किती वेळ जातो.

कुठल्याही नव्या मशीनपुढे उभी राहिलीस की पहिला प्रश्न हाच विचार. इथे हात का पोचत नाही? दाब आहे, उष्णता आहे, वेग आहे की नुसती अडचणीची जागा आहे? उत्तर मिळालं की त्या मशीनचं तेलयंत्र कशामुळे बिघडेल, हेही निम्मं कळतं.

२. आधी पाणी काढ, मग तेल भर

जुन्या तेलयंत्राची करामत साधी होती. पितळेचं बंद भांडं, त्यात तेल. वरून थोडी वाफ आत येते, थंड होऊन तिचं पाणी होतं. पाणी जड, ते तळाला बसतं आणि आमटीवर तवंग यावा तसं तेल वर उचललं जातं. वर आलेलं तेल नळीतून वाफेच्या वाटेला लागतं आणि तिच्याबरोबर सिलेंडरमध्ये शिरतं. पंप नाही, चाक नाही. जितकं पाणी साचेल तितकंच तेल बाहेर.

यातच फसगत आहे. तेल संपलं तरी भांडं भरलेलंच असतं, पाण्याने. वरून हात लावला तर जड, हलवलं तर आत डुचमळतं. नवखा माणूस म्हणतो, भरलंय की! म्हणून क्रम पाठ असायचा. तेल जाण्याचे कॉक बंद, पाण्याचा बंद, वाफेचा बंद. मग तळाचा कॉक उघडून आतला दाब जाऊ द्यायचा, पाणी वाहू द्यायचं. नंतर वरची बुची हळूहळू सोडायची, आणि अंग बाजूला ठेवून. तळाचा कॉक लावायचा, तेल गाळून भरायचं, बुची घट्ट करायची.

आणि भरून झाल्यावर वाफेचा आणि पाण्याचा कॉक लगेच उघडायचा, मग तेल लगेच सोडायचं असो वा नसो. काठोकाठ भरलेलं थंड तेल बॉयलरशेजारी तापलं की फुगतं. सगळे कॉक बंद असतील तर त्याला जागा मिळत नाही आणि भांडं फुटतं. बंद भांड्यात थंड द्रव काठोकाठ भरून ते तापू द्यायचं नाही, हा नियम तुला कुठल्याही खात्यात लागू पडेल.

३. थेंब मोज, धार सोडू नकोस

पुढे या भांड्याला काचेची नळी आली. नळीत पाणी, आणि त्यातून तेलाचा थेंब एकेक करून वर चढताना दिसायचा. आमच्याकडे अशा यंत्राला डेट्रॉइट म्हणायचे. ते ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर, कॅबमध्येच बसवलेलं असे. एका नळीत मिनिटाला चार-पाच थेंब, इंजिन आणि वेग बघून थोडं कमीजास्त. पणजोबा सांगायचे, चांगला ड्रायव्हर सिग्नल बघतो, पाण्याची काच बघतो आणि तिसरी नजर थेंबावर टाकतो. थेंब काचेला चिकटून वर जायला लागला आणि नळी मळली, तर ती वाफेने झटकून पुन्हा पाण्याने भरायची. काही जण त्यात मिठाचं पाणी किंवा ग्लिसरीन घालत, म्हणजे थेंब गोल सुटतो आणि सरळ वर जातो.

नवख्याला वाटतं, तेल जास्त गेलं तर काय बिघडलं? बिघडतं. तीनशे अंश सेल्सिअसच्या वर तापलेल्या सुपरहीट वाफेत जादा तेल जळतं. त्याचा कोळसा व्हॉल्वच्या तोंडाशी आणि पिस्टनच्या रिंगांत बसतो, रिंगा अडकतात आणि इंजिन जागच्या जागी धापा टाकतं.

गिरणीत याहून वाईट. तिथे इंजिनातून निघालेली वाफ थंड करून तिचं गरम पाणी पुन्हा बॉयलरला देत. त्या पाण्याबरोबर तेल गेलं की बॉयलरच्या आत भट्टीच्या नळ्यांवर त्याचा पातळ थर बसतो. तेल उष्णता अडवतं, पत्र्याची उष्णता पाण्याला मिळत नाही, पत्रा लाल होऊन दबतो. खापरपणजोबांच्या वेळी सबंध गिरणीला मोठं इंजिन एकच. त्याच्या चाकावरून सुती दोर मजल्यामजल्यावर जायचे आणि सगळी खाती त्यावर फिरायची. ते इंजिन बसलं की कताई बसली, विणाई बसली, हजारो माणसं हात बांधून उभी. म्हणून इंजिनखात्यात तेलवाल्याला मान होता. कमी तेल घातलं तर इंजिन जाणार, जास्त घातलं तर बॉयलर.

४. निघण्याआधी हात फिरव आणि टोकाचं नट ढिलं कर

नंतर पंपाची तेलयंत्रं आली. इंग्लंडच्या वेकफिल्ड कंपनीची, म्हणजे आजची कॅस्ट्रॉल, पुष्कळ इंजिनांवर असत. इंजिनाच्या बाजूच्या पट्टीवर चौकोनी पेटी. इंजिनाच्या हलत्या भागापासून एक दांडी तिला जोडलेली. चाक फिरलं की दांडी हलते, दांडीने दातेरी चाक एकेक दात पुढे सरकतं आणि आतले बारीक दट्टे प्रत्येक पाइपात थोडंथोडं तेल ढकलतात. वेग वाढला की तेल वाढतं, इंजिन थांबलं की तेल थांबतं. पाइपाच्या दुसऱ्या टोकाला एकमार्गी व्हॉल्व, म्हणजे वाफ उलटी पाइपात शिरत नाही आणि पाइप रिकामा होत नाही.

आता माझ्या मिस्त्रींची गोष्ट ऐक. ओव्हरहॉल झालेलं इंजिन शेडला जायच्या तयारीत उभं होतं. पेटी तेलाने भरलेली, दांडी जोडलेली, रंग नवा. कागदावर सही बाकी होती. मिस्त्री म्हणाले, ‘पेटीला हँडल आहे ते कशाला? फिरव.’ मी हँडल फिरवत राहिलो आणि ते पाना घेऊन खाली सिलेंडरपाशी बसले. एकेका पाइपाचं टोकाचं नट दोन आटे ढिलं करायचे, खाली पांढरा कागद धरायचे आणि वाट बघायचे. पहिल्या टोकाला आधी हवेचे बुडबुडे आले, मग फेस, मग बुडबुडा नसलेलं स्वच्छ तेल. कागदावर गोल डाग पडला की नट घट्ट, पुढचा पाइप. व्हॉल्वच्या मागच्या टोकाच्या पाइपाला मात्र काहीच येईना. माझे हात भरून आले, कागद कोरा. पाइप सोडला तर त्याच्या तोंडाशी पुसायच्या कापडाच्या धाग्यांचा बोळा अडकलेला. धुताना आत राहिला असणार. पेटीतलं तेल उतरत होतंच, कारण बाकीचे पाइप ते घेत होते. वरून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसलं असतं, आणि तो व्हॉल्व पहिल्याच फेरीत कोरडा धावला असता.

मिस्त्री बोलले एवढंच, ‘पेटीला विचारायचं नाही, टोकाला विचारायचं.’ ही गोष्ट बाकी सगळ्यावर वरचढ धर. मशीन दुरुस्तीतून आलं असेल, सुट्टीनंतर सुरू होत असेल किंवा पाइप बदलला असेल, तर चालू करण्याआधी हाताने पंप मार आणि शेवटच्या टोकाला तेल डोळ्यांनी बघ. नुसतं पेटीतलं तेल कमी होताना बघून निघून येऊ नकोस.

५. पावसाळ्यात वात बदल

सगळ्यात जुनं आपोआप तेलयंत्र म्हणजे वात. तेलाच्या वाटीत लोकरीच्या धाग्यांची जुडी, तिचं एक टोक तेलात, दुसरं बेअरिंगच्या नळीत. तेल धाग्यातून चढतं आणि पलीकडे थेंबाथेंबाने उतरतं. गिरणगावात सुताचा डोंगर पडलेला असूनही वातीला लोकरच लागायची. सूत भिजून दबतं, लोकर फुगलेली राहते. धागे वाढवले की तेल वाढतं, कमी केले की कमी.

लोंबती वात इंजिन उभं असतानाही तेल ओढत राहते. म्हणून गाडी फार वेळ थांबणार असेल तर ती नळीतून उचलून ठेवायची आणि निघताना आठवणीने परत टाकायची. आणि वात एकदा पाण्याने भिजली की तेलाऐवजी पाणीच ओढते. जुलैच्या पावसात वाटीचं झाकण सैल राहिलं तर वाटीत तेल दिसतं आणि बेअरिंगला पाणी मिळतं. भिजलेली वात पिळून परत घालायची नाही, फेकून नवी करायची. आज वातीच्या जागी तुझ्या हाताखाली फेल्टची पट्टी येईल. नियम तोच.

पिंपांचंही तेच. उघड्यावर तेलाचं पिंप उभं ठेवलं की त्याच्या डोक्यावर पाणी साचतं. दिवसा पिंप तापतं, रात्री आतली हवा आकसते आणि झाकणाच्या फटीतून ते पाणी आत ओढलं जातं. म्हणून पिंप आडवं ठेव आणि दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असं फिरव. म्हणजे बुचांवर आतून तेल राहतं आणि पाण्याला वाट मिळत नाही.

६. एकाची झारी दुसऱ्याला लावू नकोस

सिलेंडरचं तेल जाड, काळपट. थंडीत झारीतून उतरायलाच तयार नसे. म्हणून झारी भट्टीच्या दारावरच्या फळीवर गरम ठेवायची. ओल्या वाफेच्या इंजिनाला त्यात थोडी चरबी मिसळलेलं तेल चांगलं, कारण ते ओल्या भिंतीला धरून राहतं. सुपरहीटच्या इंजिनाला उच्च तापमानाला न पेटणारं खनिज तेल. आसाला आणि दांड्यांना वेगळंच, पातळ. जुन्या काळी आपल्याकडच्या रेल्वेत वंगणाला एरंडेलही वापरत. एरंडेल लोखंडाला घट्ट धरतं, पण पडून राहिलं की चिकट होतं.

पातळ तेल सिलेंडरच्या पेटीत गेलं तर ते जळून जातं. जाड तेल वातीत घातलं तर ते चढतच नाही. दोन्ही वेळा डबा भरलेलाच दिसतो. म्हणून प्रत्येक तेलाला वेगळी झारी, वेगळं नरसाळं, वेगळा रंग. उसनी झारी घ्यायची नाही आणि शिल्लक तेल दुसऱ्या पिंपात रिचवायचं नाही.

७. उतारावर वाफ सगळी बंद करू नकोस

तुझ्या पणजोबांना ज्या जुन्या ड्रायव्हरने शिकवलं, तो बोरघाटात वाफेच्या इंजिनावर होता. हा घाट १८६३ मध्ये सुरू झाला आणि त्यात सदतीस फुटांत एक फूट चढ. १९२९ च्या सुमारास पुण्यापर्यंत विजेची इंजिनं आली तोवर सगळा भार वाफेवर. लोकांना चढ कठीण वाटे, पण सिलेंडरला उतार कठीण. उतरताना ड्रायव्हर वाफ बंद करतो, चाकं मात्र पिस्टनला ओढत राहतात. तेल वाहून न्यायला वाफ नाही. वर पिस्टन पंपासारखा ओढतो आणि धुराड्याखालच्या पेटीतली राख, काजळी आत येते. कोरडा सिलेंडर आणि राखेचं पॉलिश, मग रिंगा किती टिकणार?

म्हणून जुने ड्रायव्हर घाट उतरताना रेग्युलेटर किंचित उघडा ठेवायचे, तेल आत जाईल आणि राख बाहेर राहील एवढीच वाफ द्यायचे. तुझ्या खात्यात घाट नसेल. पण भार नसताना मशीन मोकळं पळतं, तेव्हा तेल कमी पडतं का, हे बघायची सवय ठेव. सगळे जण भार असतानाच मशीनकडे बघतात.

८. कागद लावून बघ

सिलेंडर उघडला की मिस्त्री आधी भिंतीचा रंग बघायचे. ओलसर, काळसर चकाकी म्हणजे तेल बरोबर. तांबूस गंज म्हणजे पाणी आणि उपास. कडक काळी खपली म्हणजे तेल जास्त किंवा चुकीचं. त्यानंतर सिगारेटचे दोन पातळ कागद एकावर एक धरून भिंतीवरून हलके फिरवायचे. भिंतीकडचा कागद तेलाने डागला आणि वरचा जवळपास कोरा राहिला, तर प्रमाण बरोबर. दोन्ही भिजले तर तेल जास्त. खालचाही कोरा, तर पाइप शोधायला लागा.

इंजिन चालू असतानाही खुणा मिळतात. व्हॉल्व कोरडा पडला की ड्रायव्हरच्या हातातला रिव्हर्सरचा दांडा जड लागतो, थरथरतो. सिलेंडरमधून कण्हल्यासारखा आवाज येतो. हात मात्र मशीन थांबल्यावरच लावायचा. चालत्या मशीनवर कान आणि नाक वापर.

९. टाकीवर रेघ मार

तुझ्या मशीनच्या पंपाला लाल दिवा असेल. तेल कमी झालं की तो लागतो. तो दिवा टाकीचा आहे, पाइपाचा नाही, हे विसरू नकोस. पाइप तुंबला तर टाकी भरलेलीच राहील आणि दिवा गप्प बसेल. म्हणून पाळी सुरू होताना तेलाच्या पातळीवर पेन्सिलीने रेघ मार, संपताना बघ आणि वहीत लिही. नेहमीपेक्षा कमी उतरलं तर कुठेतरी तुंबलंय. जास्त उतरलं तर कुठेतरी पाइप फुटलाय, तेल जमिनीला मिळतंय. बोटभर तेलाचा फरक आठवडाभर आधी सांगतो की काहीतरी बिघडणार आहे. तेल वाढलेलं दिसलं तर शाबासकी देऊ नकोस, त्यात पाणी शिरलंय का ते बघ.

दसऱ्याला मशीनला झेंडू घालतील, नारळ फोडतील. त्याच्या आदल्या दिवशी जाळी काढून धू, टाकीचा तळ उपसून बघ. तळाशी जो गाळ निघतो, तो वर्षभराची हकीकत सांगतो.

१०. पहिल्या आठवड्यात नकाशा काढ

कामावर गेलीस की एका कोऱ्या पानावर तुझ्या मशीनचं तेलाचं जाळं काढ. टाकी कुठे, पंप कुठे, किती पाइप, कुठला पाइप कुठल्या टोकाला, त्या टोकाला नट सोडून बघता येतं का, शेवटचं कधी बघितलं. अडलं तर खात्यातल्या सगळ्यात जुन्या हेल्परला विचार. साहेबापेक्षा त्याला जास्त माहीत असतं, आणि कोणी विचारलं की त्याला बरंही वाटतं. ज्या टोकाचं नाव तुला सांगता येत नाही, त्याला तेल मिळतंय असं धरून चालू नकोस. त्या टोकापुढे प्रश्नचिन्ह कर आणि दुसऱ्या दिवशी पाना घेऊन आधी तिथेच जा.